टाकीत उरलेलं २८६ लिटर: ब्लोअरचा वेग आणि हरवलेला ३.६

नाशिक पट्ट्यातली एक एकर द्राक्षबाग. फळछाटणीला ३८ दिवस झालेले, बाग फुलोऱ्यात, रात्री पावसाचा शिडकावा आणि सकाळी पानांवर दव. डाऊनी या बुरशीजन्य रोगाला याहून चांगलं वातावरण मिळत नाही. नव्या ब्लोअरची (ट्रॅक्टरला जोडलेल्या, पंख्याच्या हवेनं औषध उडवणाऱ्या फवारणी यंत्राची) ही पहिलीच फवारणी. ६०० लिटरच्या टाकीत ४०० लिटर पाणी, लिटरला २ ग्रॅम या हिशेबानं ८०० ग्रॅम स्पर्शजन्य बुरशीनाशक. एकरी ४०० लिटर पाणी पाडायचं ठरलेलं, त्यामुळे शेवटच्या ओळीबरोबर टाकीही संपायला हवी होती.

ट्रॅक्टर शेवटच्या ओळीतून बाहेर आला तेव्हा टाकीच्या बाजूच्या पारदर्शक नळीत पाणी २९० च्या रेघेच्या जरासं खाली उभं होतं. हिशेबानं २८६ लिटर शिल्लक, म्हणजे बागेवर पडलं फक्त ११४ लिटर. पाणी कमी पडलं, तसं औषधही कमी पडलं: ८०० ग्रॅमच्या जागी २२८ ग्रॅम. फवारणीआधी घडाजवळ आतल्या पानांना पिवळे पाणी-संवेदी कागद टाचून ठेवले होते. थेंब पडला की हा कागद निळा होतो. बाहेरच्या पानांवरचे कागद बऱ्यापैकी निळे झाले होते. आतले मात्र जवळजवळ पिवळेच, मधूनमधून टाचणीच्या टोकाएवढे निळे ठिपके.

आधी संशय कोणावर गेला

नेहमीप्रमाणे आधी नोझल. नोझल उघडले, जाळ्या काढल्या, सगळं स्वच्छ. मग दाबाचं मीटर. ते ५ बार दाखवत होतं आणि ठरवलेलाही ५ बारच होता. शेवटी माप लावलं: पंखा बंद, पंप चालू, एकेका नोझलला नळी लावून बरोबर १ मिनिट पाणी मोजपात्रात घेतलं. दहाही नोझलचं पाणी ५१० ते ५२५ मिलिलिटरच्या दरम्यान. नारिंगी रंगाच्या ०१ नंबर नोझलचा प्रवाह ३ बारला मिनिटाला ०.४ लिटर असतो, आणि ५ बारला तो ०.५२ च्या आसपास यायलाच हवा. नोझल चोख काम करत होते.

मग वेगावर संशय. ड्रायव्हरनं गिअर बदलला असेल, ट्रॅक्टर पळवला असेल, असं वाटणं साहजिक होतं. टेपनं ३० मीटर मोजून दोन खुंट्या ठोकल्या, पुन्हा वेळ घेतली. चढाकडे ३० सेकंद, उताराकडे २४, सरासरी २७. आदल्या दिवशी वहीत लिहिलेलाच आकडा. म्हणजे ड्रायव्हरही निर्दोष.

नोझल बरोबर, वेग बरोबर, सूत्र (हेक्टरी लिटर × वेग × ओळीचं अंतर ÷ ६०० = मिनिटाला एकूण लिटर) कॅटलॉगमधून जसंच्या तसं उतरवलेलं, तेही बरोबर. घोटाळा होता तो वेग सूत्रात बसवताना. वहीतल्या ओळी अशा होत्या:

अंतर ३०, वेळ २७, स्पीड १.११
९८८ × १.११ × २.७४ ÷ ६०० = ५.०
१० नोझल, प्रत्येकी ०.५

९८८ म्हणजे एकरी ४०० लिटरचं हेक्टरी रूप (४०० × २.४७१). २.७४ म्हणजे ९ फूट ओळीचं अंतर मीटरमध्ये. ३० ला २७ नं भागून आलेला १.११ हा आकडा मीटर प्रति सेकंद. सूत्रातल्या ६०० ला मात्र वेग किलोमीटर प्रति तास हवा असतो. १.११ मी/से म्हणजे ताशी ४ किलोमीटर. त्या जागी ४ टाकला असता तर:

९८८ × ४ × २.७४ ÷ ६०० = १८.०५ लिटर प्रति मिनिट, प्रत्येक नोझलला १.८.

लागत होतं १८, लावलं ५, म्हणजे ३.६ पटीनं कमी. वहीत 'स्पीड १.११' च्या पुढे एकक लिहिलेलं नव्हतं. सगळी चूक एवढीच.

हा ३.६ लपून का राहतो

ग्रॅमच्या जागी किलो पडला तर हजारपटीचा फरक येतो आणि तो लगेच खटकतो. ३.६ पटीचा फरक तसा बोंबलत नाही. मिनिटाला ०.५ लिटरचं नोझल बाजारात सहज मिळतं, रंगही ठरलेला, कॅटलॉगात ओळही छापलेली. उत्तर चुकीचं होतं, पण विचित्र दिसत नव्हतं. कोणी उलटा घोळ घालून १.११ ला ३.६ नं भागलं असतं तर ०.३१ आलं असतं, आणि त्यावरून नोझलमागे ०.१४ लिटर. एवढं बारीक नोझल ब्लोअरच्या कॅटलॉगात सापडलंच नसतं आणि चूक दुकानातच कळली असती. थोडक्यात, मोठी चूक स्वस्तात सुटते. मधली चूक बागेपर्यंत पोचते.

३.६ येतो कुठून, हे शाळेत सगळेच शिकतो: तासाचे ३६०० सेकंद, किलोमीटरचे १००० मीटर, ३६०० भागिले १००० बरोबर ३.६. पाठ्यपुस्तकातला ५/१८ तो हाच. किमी/तास चे मी/से करायचे तर ५/१८ नं गुणायचं, उलट करायचं तर १८/५ नं. कुठे कोणता घ्यायचा, हा गोंधळ पन्नाशीतही सुटत नाही. त्यावर एकच खूण पुरते: वेग तोच असताना किमी/तास चा आकडा नेहमी मोठा. ५ मी/से म्हणजे १८ किमी/तास, १० म्हणजे ३६. हा एक जोड लक्षात असला तरी गुणायचं की भागायचं ते आपोआप कळतं.

५/१८ ऐवजी ०.२८ नं गुणण्याची सवय असेल तर हरकत नाही, चूक एक टक्क्याच्याही आत राहते. ०.३ मात्र नको. तिथे ८ टक्के जातात.

या बागेत आणखी एक खूण समोर होती, आणि तिच्यासाठी वही-पेनही लागत नव्हतं. साधा माणूस ताशी ४ ते ५ किलोमीटर चालतो. फवारणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या बरोबरीनं माणूस नेहमीच्या चालीनं चालू शकतो, म्हणजे ट्रॅक्टर ४ च्या आसपास आहे. तो खरोखर ताशी १.११ नं चालला असता तर दर पावलाला थांबून त्याची वाट बघावी लागली असती. एकरासाठीही हाच पडताळा लागू पडतो: ९ फुटी ओळींच्या एकरात गल्ल्यांची एकूण लांबी ४०४७ ÷ २.७४, म्हणजे सुमारे १४७७ मीटर. १.११ मी/से नं त्याला २२ मिनिटं लागतात, वळणं वेगळी. ताशी १.११ किलोमीटरनं ८० मिनिटं लागली असती. एकर २२ मिनिटांत उरकला आणि मिनिटाला ५ लिटर जातंय, तर ११० लिटरच पडणार. हे बांधावर उभं राहून तोंडी होण्यासारखं आहे.

६०० हा आकडा एककाला बांधलेला आहे

सूत्रातला ६०० आकाशातून पडलेला नाही. ताशी १ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १६.६७ मीटर. हेक्टरचे १०,००० चौरस मीटर. १०,००० ला १६.६७ नं भागा, ६०० येतात. म्हणजे किमी/तास चं मी/मिनिट करण्याचं काम ६०० च्या पोटातच उरकलेलं आहे. वेगाचं एकक बदललं की हा आकडाही बदलायला हवा:

वेग किमी/तास असेल तर हेक्टरला ६००, एकराला २४२.८
वेग मी/से असेल तर हेक्टरला १६६.७, एकराला ६७.४५
वेग मी/मिनिट असेल तर हेक्टरला १०,०००, एकराला ४०४७

सूत्र तिन्हींत एकच: लिटर बरोबर वरचा आकडा × मिनिटाला एकूण लिटर ÷ (वेग × ओळीचं अंतर मीटरमध्ये).

आमच्या मते बागायतदारानं तिसरी ओळ वापरावी. नोझलचा प्रवाह मिनिटाचा, पंपाचा प्रवाह मिनिटाचा, मग वेग तासाचा कशाला? मी/मिनिट धरलं की सूत्रात कुठलीही जादूची संख्या उरत नाही, फक्त एकराचे ४०४७ चौरस मीटर राहतात. ३० मीटरला २७ सेकंद म्हणजे मिनिटाला ६६.७ मीटर. गुणिले २.७४, म्हणजे मिनिटाला १८२.७ चौरस मीटर बाग भिजते. ४०४७ ला १८२.७ नं भागलं की २२ मिनिटं. ४०० लिटर २२ मिनिटांत संपवायचं, म्हणजे मिनिटाला १८ लिटर. यात ३.६ आलाच नाही.

किमी/तासच हवं असेल, कारण कॅटलॉगांतले तक्ते त्यातच असतात, तर ३० मीटरच्या चाचणीसाठी १०८ हा आकडा लक्षात ठेवा: १०८ भागिले सेकंद बरोबर ताशी किलोमीटर. १०८ ÷ २७ = ४. अंतर ५० मीटर घेतलं तर १८०, १०० मीटर घेतलं तर ३६०. फुटी टेपनं १०० फूट मोजून त्याला ३० मीटर म्हटलं तर दीड टक्का फरक पडतो. त्यावर वाद घालत बसू नये.

मराठी वहीतला एक सापळा इथेच सांगितला पाहिजे. 'मी' म्हणजे मीटर, 'मि' म्हणजे मिनिट, 'मिमी' म्हणजे मिलिमीटर, 'मिली' म्हणजे मिलिलिटर. घाईत लिहिलेल्या 'मी/मि' मधली वेलांटी कोणती हे चार दिवसांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. 'मीटर/मिनिट' असं पूर्ण लिहावं, दोन अक्षरांची बचत करू नये.

वेग मोजताना जे चुकतं

वेग मोजायचा तो बागेत, टाकी अर्धी भरलेली असताना, ज्या गिअरमध्ये आणि ज्या आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांवर) फवारणी होणार त्यातच, पंखा चालू ठेवून. डांबरी रस्त्यावर घेतलेला वेग ओल्या काळ्या मातीत मिळत नाही, चाक घसरतं. ट्रॅक्टर पहिल्या खुंटीच्या १० मीटर आधीपासून चालत यावा. उभ्यावरून सुटला तर सुरुवातीची दोन सेकंद फुकट मोजली जातात.

ट्रॅक्टरच्या पुस्तकातला गिअर-चार्ट किमी/तास मध्ये असतो, पण तो इंजिनाच्या पूर्ण रेटेड आरपीएमचा आणि ठरावीक टायरचा. पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, ब्लोअर फिरवणारा दांडा) ५४० वर ठेवण्यासाठी इंजिन त्यापेक्षा खाली चालतं. चार्टवर २२०० आरपीएमला ५.२ लिहिलं असेल आणि आपण १७०० वर चालवत असू, तर ५.२ × १७०० ÷ २२०० म्हणजे जेमतेम ४. चार्ट गिअर निवडायला उपयोगी. हिशेबात त्याचा आकडा घेऊ नये.

मोबाइलवरचं वेग दाखवणारं ॲप इतक्या हळू चालीत डळमळतं. ३.१, ४.८, ३.६ असं नाचत राहतं, आणि तारांच्या मांडवाखाली जास्तच. शिवाय सेटिंगमध्ये एकक मी/से आहे की किमी/तास हे स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं. टेप आणि घड्याळ याहून भरवशाचे.

चढ-उताराची सरासरी काढताना वेगांची सरासरी काढू नये, वेळांची काढावी. इथे चढाला ३० सेकंद म्हणजे १.०० मी/से, उताराला २४ म्हणजे १.२५. वेगांची सरासरी १.१२५ येते. खरा वेग ६० मीटर भागिले ५४ सेकंद, १.११. फरक किरकोळ आहे, कारण उतार किरकोळ आहे. चढाला ४० आणि उताराला २० सेकंद लागत असतील, तर वेगांची सरासरी तीच १.१२५ येते आणि खरा वेग मात्र १.०. तिथे साडेबारा टक्के औषध इकडचं तिकडे होतं.

ब्लोअरच्या पत्रकात ३० मी/से असाही एक वेग छापलेला होता. तो पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचा, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. वरच्या सूत्राशी त्याचा काडीचा संबंध नाही.

वाऱ्याचा वेग: तीच चूक, दुसरीकडे

उरलेलं औषध दुपारनंतर मारायचं ठरलं तेव्हा वाऱ्याचा प्रश्न आला. हवामानाच्या ॲपवर वारा किमी/तास मध्ये, हातातलं पंख्याचं वारामापक मी/से मध्ये. वारामापकावर ५ दिसलं की 'पाचच आहे, मारा' असं म्हणणारे भेटतात. ते ५ म्हणजे ताशी १८ किलोमीटर. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात. साधारण ताशी १२ च्या वर फवारणी थांबवावी असं धरलं, तर वारामापकावर ती रेघ ३.३ ला येते.

याचा परिणाम थेंबाच्या वेगाशी ताडून बघितला की उलगडतो. १०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला साधारण २७ सेंटिमीटर खाली येतो. ०.२७ मी/से, म्हणजे ताशी एक किलोमीटरही नाही. दीड मीटर उंचीवरून जमिनीला यायला त्याला साडेपाच सेकंद लागतात. वारा २ मी/से असेल तर तेवढ्यात तो ११ मीटर वाहतो, म्हणजे चार ओळी पलीकडे. वारा ५ मी/से असेल तर २८ मीटर, सरळ शेजाऱ्याच्या बांधावर. ही तुलना करताना एक आकडा सेंमी/से मध्ये आणि दुसरा किमी/तास मध्ये ठेवला तर डोक्यात काहीच चित्र उभं राहत नाही. दोन्ही मी/से मध्ये आणावेत. बागेत मोजताना मी/मिनिट, हवेत मी/से, असं वाटून घेतलं तरी चालतं. एका हिशेबात दोन एककं नकोत, इतकंच.

चारच्या सुमारास वारामापकावर २.२ होतं. ताशी ८ किलोमीटर. चालण्याजोगं.

दुरुस्ती

नारिंगी नोझल ठेवूनच काम भागवता येईल का, हे आधी तपासलं. दाब वाढवून? प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो; प्रवाह दुप्पट हवा तर दाब चौपट. इथे प्रवाह साडेतीनपट हवा होता, म्हणजे दाब सव्वाबारा पट, ५ चे ६१ बार. पंप आणि नळ्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. वेग कमी करून? त्यासाठी ताशी १.१४ किलोमीटर लागला असता. पीटीओ ५४० वर ठेवून या ट्रॅक्टरला एवढा हळू गिअर नाही, आणि असता तरी एकरामागे ७८ मिनिटं कोण घालवणार.

नोझलच बदलावे लागले. जांभळ्या रंगाचं ०२५ नंबरचं नोझल ३ बारला मिनिटाला १ लिटर देतं, १० बारला १.८३. दहांचे १८.३ लिटर, म्हणजे एकरी ४०५. पुढच्या सगळ्या फवारण्यांसाठी हेच ठरलं.

त्या दिवशीच्या उरलेल्या २८६ लिटरचा हिशेब मात्र वेगळा. एकराच्या वाट्याचं औषध त्यातच होतं, त्यामुळे तेवढंच पाणी सगळ्या एकरावर सारखं पसरायला हवं होतं. १० बारनं आणि ताशी ४ नं गेलो असतो तर सत्तर टक्के बागेतच टाकी रिकामी. दोन वाटा होत्या. एक, वेग वाढवायचा: ४०४७ × १८.३ ÷ (२८६ × २.७४) = ९४.५ मी/मिनिट, म्हणजे १.५८ मी/से, ताशी ५.७ किलोमीटर, ३० मीटरला १९ सेकंद. दोन, वेग तोच ठेवून दाब उतरवायचा: मिनिटाला २८६ × १८२.७ ÷ ४०४७ = १२.९ लिटर, नोझलमागे १.२९, आणि जांभळं नोझल एवढं बरोबर ५ बारला देतं. दुसरी वाट धरली. ताशी ५.७ नं गेलं तर पंख्याची हवा घडाच्या आत शिरायच्या आधीच ट्रॅक्टर पुढे निघून जातो, आणि आतली पानं तर आधीच कोरडी राहिलेली होती. ५ बारला थेंब थोडा जाड पडतो, तो तोटा पत्करला.

टाकीतलं मिश्रण मधल्या वेळेत ढवळत ठेवलं होतं. पाण्यात मिसळणारी भुकटी तीन-चार तास स्थिर राहिली तर तळाला बसते आणि शेवटच्या ओळींना दाट औषध जातं. रात्रभर ते ठेवलं नाही. सकाळच्या फवारणीची पानं सुकल्याची खात्री केली, आतल्या पानांना नवे पिवळे कागद टाचले, पहिल्या दोन गल्ल्यांत पुन्हा वेळ घेतली: ३० मीटरला २७ सेकंद. वळणावर नोझल बंद, गल्लीत शिरताना चालू.

शेवटची ओळ संपली तेव्हा नळीतलं पाणी दिसेनासं झालं होतं; टाकीच्या खळग्यात पंपाला न ओढता येणारं आठ-दहा लिटर राहिलं. आतले कागद या वेळी ठिपक्याला ठिपका लागून निळे झाले होते. वहीत जुन्या 'स्पीड १.११' वर काट मारून खाली लिहिलं: ६६.७ मीटर/मिनिट, तिसरा गिअर, इंजिन १७०० आरपीएम, जांभळे १० नोझल, १० बार, एकरी ४०५ लिटर.